सापशिडीचा पट आणि शाळेपुढचा रस्ता

गेल्या पावसाळ्यात आमच्या आठवी व नववीच्या काही विद्यार्थ्यांनी धाकट्या वर्गांतील मुलांसाठी एक खेळ तयार केला. रस्त्याने कसे चालावे, रस्ता कोठून व कसा ओलांडावा, हे मुलांस खेळता खेळता कळावे, असा त्यांचा हेतू होता. खेळ तयार झाला, मुलांना आवडलाही. परंतु पहिल्या खेपेस त्याने जे शिकविले ते आमच्या मनात होते त्याच्या नेमके उलट होते. ही चूक कशी ध्यानात आली, आणि ती दुरुस्त करता करता विद्यार्थ्यांना, व खरे सांगावयाचे तर त्यांच्या शिक्षकालाही, काय काय शिकावे लागले, ते या वार्षिकाच्या वाचकांपुढे, विशेषतः पालकवर्गापुढे, ठेवावे असे आम्हांस वाटते.

या उद्योगाचे मूळ कारण आनंदाचे नव्हते. जूनमध्ये शाळा उघडून पंधरा दिवस झाले नाहीत तोच दुसरीतील एक मुलगा शाळा सुटल्यावर फाटकाबाहेर दुचाकीखाली सापडला. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या टेम्पोच्या पुढून तो धावत निघाला व पलीकडून येणाऱ्या गाडीवर आदळला. जिवावरचे पायावर निभावले. सहा आठवडे पाय प्लास्टरात राहिला. त्याचा थोरला भाऊ आमच्याच नववीच्या वर्गात आहे. आम्ही समाचारास घरी गेलो तेव्हा मुलांच्या आजी म्हणाल्या, "वेळ वाईट होती, सर. दुसरे काय म्हणावे?" अशा प्रसंगी माणूस जे करतो तेच आम्ही केले, मान हलविली व चहा घेतला. थोरला भाऊ आम्हांस कोपऱ्यापर्यंत पोहोचवावयास आला. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग एकाएकी म्हणाला, "सर, वेळ वाईट होती म्हणजे काय? टेम्पो तर रोजच तेथे उभा असतो."

या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी आम्ही दिले नाही. पुढच्या आठवड्यात वर्गात रस्त्यावरील अपघातांचा विषय काढला. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात आपल्या देशात ४,६१,३१२ अपघात झाले व त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ३२,८२५ माणसे केवळ पायी चालणारी होती. विद्यार्थ्यांनी फळ्यावर भागाकार मांडला, तेव्हा दिवसाला सुमारे ९० पादचारी असा हिशेब निघाला. आपल्या शाळेच्या दोन वर्गांत मिळून जेवढी मुले बसतात, जवळजवळ तेवढी माणसे. आकडा पाहून मुले गप्प झाली. पण आकड्याने माणूस फार वेळ गप्प राहत नाही. घटकाभराने चर्चा सुरू झाली व धाकट्यांसाठी सापशिडी करावी असे ठरले.

सापशिडीची निवड तशी योग्यच होती. हा खेळ मूळचा आपल्याच देशातील. महाराष्ट्रात तो मोक्षपट या नावाने ओळखला जातो व तो ज्ञानेश्वरांनी रचला अशी परंपरागत समजूत आहे. गुजरात-राजस्थानाकडे त्यालाच ज्ञानचौपड म्हणत. जुन्या पटांवर घरांना सद्गुणांची व दुर्गुणांची नावे लिहिलेली असत. सद्गुणाच्या घरातून शिडी वर जाई, दुर्गुणाच्या घरात सापाचे तोंड असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा पट इंग्लंडात गेला; तेथेही आरंभी गुणदोषांची चित्रे होती, परंतु हळूहळू ती गळाली आणि शंभर घरांचा निव्वळ करमणुकीचा खेळ तेवढा मागे राहिला. तोच पुढे छापील पुठ्ठ्याच्या रूपाने आपल्या बाजारात परत आला. आमच्या विद्यार्थ्यांचा विचार असा की, गळालेली अक्षरे पुन्हा भरावी. केवळ दुर्गुणांच्या जागी रस्त्यावरील चुका व सद्गुणांच्या जागी सावधगिरीच्या गोष्टी घालाव्या.

आठ दिवसांत पट सजला. हेल्मेट घातले, चढा शिडी, धावत्या एस. टी.त चढावयास गेला, खा साप. चित्रे सुरेख होती. रंगकामात मुलींचा हात विशेष होता. पट दुसरीच्या वर्गात नेला, चार गट पाडले, आणि अर्धा तास त्या खोलीत जो कल्लोळ झाला तो ऐकून शेजारच्या वर्गाच्या बाई दोनदा डोकावून गेल्या. आमचे विद्यार्थी हर्षभरित झाले. खेळ संपल्यावर नववीतील एका मुलीने एका चिमुरड्याला सहज विचारले, "तुला साप का चावला?" तो म्हणाला, "तीन पडले म्हणून." दुसऱ्यास विचारले, "आणि तू शिडी कशाने चढलास?" तो म्हणाला, "मला पाच पाहिजे होते, पाचच पडले!"

त्या घरात काय लिहिले होते, हे दोघांपैकी एकालाही सांगता आले नाही. आणि त्यांनी सांगितले त्यात खोटे तरी काय होते? साप चावला तो तीन पडले म्हणूनच. आपण फासा टाकतो, तो पडावयाचा तसा पडतो, सापाच्या तोंडी जावयाचे की शिडीवर चढावयाचे हे आपल्या हाती नाही. हीच त्या पटाची शिकवण होती. जे वाक्य आम्ही आजींच्या तोंडून ऐकून आलो होतो, तेच आमच्या विद्यार्थ्यांनी आठ दिवस खपून रंगवून काढले होते. जुन्या मोक्षपटावरही फासाच निर्णय करीत असे हे खरे. परंतु तेथे प्रत्येक घराचा अर्थ बोलून दाखविणारे वडीलधारे कोणी तरी जवळ असावे, असा आमचा तर्क आहे. सात वर्षांच्या मुलापुढे नुसता पट टाकून ते काम होत नाही.

थोरल्या भावाने फासा उचलून खिशात टाकला व म्हणाला, "हा काढून टाकू या."

फासा काढून टाकणे बोलण्यास सोपे. पण तो काढला की खेळच उरत नाही, मग आमच्या व्याख्यानासारखे काही तरी होऊन बसते. पुष्कळ वाद झाल्यावर असे ठरले की, फाशाने सोंगटी किती घरे पुढे जावयाची एवढेच सांगावे. पटावर काही घरे रस्त्याची म्हणून रंगवावी. तेथे सोंगटी आली की मुलाने एक पत्ता उचलावा. पत्त्यावर रस्त्यावरील एखाद्या जागेचे चित्र असेल. येथे तू काय करशील व का, हे त्याने सांगावे. नुसते ‘थांबेन’ म्हणून भागणार नाही. कारण सांगितले तरच पुढे चाल. साप घरातून उचलून मुलाच्या निर्णयात ठेवला, असे म्हणा ना.

येथवर सर्व ठीक होते. मग आठवीतील एका मुलीने अशी शंका काढली की तिच्यापुढे आम्हीही क्षणभर निरुत्तर झालो. ती म्हणाली, "सर, चुकले की साप चावलाच पाहिजे असे केले, तर ते खोटे होईल. आम्ही रोज चुकीच्या जागी रस्ता ओलांडतो आणि काहीच होत नाही. लहान मुलांनाही ते ठाऊक आहे." मुलीचे म्हणणे अगदी खरे होते. रस्ता हा मोठा लबाड शिक्षक आहे. गणितात चुकलात तर उत्तर लागलीच चुकते. रस्त्यावर शंभरदा चुकले तरी बरोबर चालल्यासारखेच वाटते, आणि एकशे एकाव्या वेळेस शिक्षक एकदम सारा हिशेब चुकता करतो. तेव्हा खेळात ही गोष्ट आणावयाची कशी?

उपाय मुलांनीच शोधला, व तो आमच्या मते या सर्व उद्योगातील सर्वांत चांगला भाग होय. बरोबर निर्णय घेतला व कारणही सांगितले, तर सोंगटी निर्धास्तपणे पुढे जाते. निर्णय चुकला, तर मात्र त्या मुलाने पुन्हा फासा टाकावयाचा. दोनपासून सहापर्यंत काहीही पडले तर तो वाचला, जागच्या जागी राहिला. एक पडला की सोंगटी पटाबाहेर. मग तो डाव संपेपर्यंत तिला परत घ्यावयाचे नाही. अशा रीतीने खिशात गेलेला फासा आपल्या योग्य जागी परत आला. योगायोग जगात आहे, नाही असे नाही. परंतु जो विचार न करता पाऊल टाकतो तो आपण होऊन फाशाच्या स्वाधीन होतो. हा नियम लागू केल्यावर दुसरीच्या वर्गातील गोंगाट निम्म्याने कमी झाला. चुकलेला मुलगा फासा हातात घेई तेव्हा भोवतालची मुले श्वास रोखून पाहत. ‘पाच पाहिजे’ असे आता कोणी ओरडत नव्हते. ‘एक नको, एक नको’ असे पुटपुटत होते.

आता पत्त्यांकडे वळू. पहिल्या खेपेस विद्यार्थ्यांनी चाळीस पत्ते केले व त्यांपैकी अकरा पत्त्यांवर चौकातील तांबडा-हिरवा दिवा होता. आपल्या गावात असा दिवा एकच आहे, आणि तोही महिन्यातून किती दिवस चालू असतो हे वाचकांस ठाऊकच आहे. शहरातील पुस्तके पाहून चित्रे काढली की असे होते. (या दिव्याची हकीकत मात्र मुलांना फार आवडली. लंडन येथे पार्लमेंटाच्या इमारतीजवळ १८६८ साली असा पहिला दिवा उभारला तो एका रेल्वे अभियंत्याच्या कल्पनेने, व त्याचे तांबडे-हिरवे रंगही आगगाडीच्या खुणांवरूनच घेतलेले. तो गॅसवर जळत असे, आणि काही आठवड्यांतच त्याचा स्फोट होऊन त्याजवळचा पोलीस शिपाई जखमी झाला.) अकरांपैकी दोन पत्ते ठेवले. बाकीच्यांच्या जागी आपल्या वाटेवर जे खरोखर भेटते ते आणले: एस. टी. थांबा, अरुंद पूल, वळणावरचा कडुनिंब, उलट दिशेने येणारी दुचाकी, गुरे, आणि गळिताच्या हंगामात उसाने लादलेल्या ट्रॉल्या.

चित्रांतील आणखी एक चूक सांगण्याजोगी आहे. एका परदेशी पुस्तकातील चित्र पाहून काढलेल्या पत्त्यावरील मुलगा रस्ता ओलांडण्यापूर्वी प्रथम डावीकडे पाहत होता. जेथे वाहने उजव्या बाजूने चालतात त्या देशात हे योग्यच आहे. आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात, म्हणून कडेवर उभे राहिले असता सर्वांत जवळची गाडी उजवीकडून येते. तेव्हा आधी उजवीकडे, मग डावीकडे, व पाऊल टाकण्यापूर्वी पुन्हा उजवीकडे पाहिले पाहिजे. हा भेद क्षुल्लक नव्हे. पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले विन्स्टन चर्चिल डिसेंबर १९३१ मध्ये न्यूयॉर्क शहरात फिफ्थ अव्हेन्यू ओलांडताना इंग्लंडातील सवयीप्रमाणे भलत्याच बाजूला पाहून निघाले व मोटारीखाली सापडून चांगलेच जखमी झाले. चूक आपलीच होती, असे त्यांनी स्वतःच सांगितले. सवय माणसाचे डोळे कसे फिरविते पाहा!

तसेच ‘रस्त्याच्या डाव्या बाजूने चालावे’ हे आपण लहानपणापासून पाठ केलेले वाक्य. ते वाहनांचे आहे. पदपथ असेल तर पदपथावरूनच चालावे. पण जेथे तो नाही, तेथे पायी जाणाऱ्याने डाव्या कडेने चालणे म्हणजे वाहनांकडे पाठ करून चालणे होय, आणि पाठीला डोळे नसतात. समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून अशा ठिकाणी उजव्या कडेने, एकामागे एक चालावे. ब्रिटनमधील मार्गसंहितेतही पादचाऱ्यांस हेच सांगितले आहे. उजवीकडे वळणारे आंधळे वळण आले की तेवढ्यापुरते जपून पलीकडे जावे, कारण तेथे समोरची गाडी आपल्याला दिसत नाही व गाडीवाल्याला आपण दिसत नाही. हा पत्ता पालकांच्या मेळाव्यात दाखविला तेव्हा बराच वाद झाला. तो योग्यच झाला.

गाडी थांबण्यास किती जागा लागते, हा भाग नववीच्या विज्ञानाशी जोडलेला होता, म्हणून त्याला एक पूर्ण तास दिला. चालकाला धोका दिसतो व त्याचा पाय ब्रेकवर जातो, एवढ्या अवधीतही गाडी पळतच असते. ब्रेक दाबल्यावरही ती घसटत पुढे जाते. उपर्युक्त मार्गसंहितेत कोरड्या रस्त्यावरील मोटारीसाठी जी अंतरे दिली आहेत, त्यांप्रमाणे ताशी ३२ किलोमीटर वेगास ६ मीटर विचार करण्यात व ६ मीटर ब्रेक लागण्यात, असे १२ मीटर जातात. आम्ही मैदानावर १२ मीटरांवर एक खुर्ची ठेविली आणि विचारले, वेग दुप्पट म्हणजे ताशी ६४ किलोमीटर केला तर खुर्ची कोठे ठेवावी? बहुतेकांनी २४ मीटर सांगितले. विचारात जाणारे अंतर दुप्पट, म्हणजे १२ मीटर, होते हे खरे. परंतु गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ब्रेकचे अंतर चौपट, म्हणजे २४ मीटर, होते. एकूण ३६ मीटर. खुर्ची उचलून मैदानाच्या पार कडेला नेली तेव्हा मुलांचे चेहरे पाहण्यासारखे झाले. पुस्तकातील सूत्र पाठ असणाऱ्या दोघांनीही २४च सांगितले होते, याची येथे नोंद करतो. रस्ता पावसाने ओला असला तर अंतर याहूनही पुष्कळ वाढते. दुसरीच्या मुलांना वर्ग व ऊर्जा काय कळणार? त्यांच्यासाठी पत्त्यावर एवढेच चित्र काढले: गाडी, खूप दूर खुर्ची, आणि मध्ये मोकळा रस्ता.

पुढची अडचण अधिक खोल होती. कडुनिंबाच्या वळणाचा पत्ता आला की लहान मुले बिनदिक्कत म्हणत, "येथून ओलांडीन. गाडी दिसतच नाही." आमच्या विद्यार्थ्यांना वाटले, मुले लक्ष देत नाहीत. तसे नव्हते. ग्लासगो येथील स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातील अँपोफो-बोआतेंग व थॉमसन या संशोधकांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच आढळून आले की, पाच ते सात वर्षांची मुले गाडी दिसते की नाही एवढ्यावरच जागा सुरक्षित की धोक्याची हे ठरवितात. वळण, चढाची टेकडी, उभी वाहने यांनी दृष्टी अडते, ही गोष्ट त्यांच्या हिशेबात येत नाही. गाडी दिसत नाही म्हणजे ती नाही, असे ते मानतात. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातील संशोधकांनी २०११ साली दाखविले की, प्राथमिक शाळेतील मुलांस ताशी ३२ किलोमीटरांहून अधिक वेगाने समोरून येणारी गाडी जवळ येत आहे, हे काही परिस्थितीत नीट उमगतच नाही. हा हट्ट किंवा दांडगाई नसून वयाची मर्यादा होय. तेव्हा सात वर्षांच्या मुलास ‘नीट बघून जा’ असे बजावून आपण आपले कर्तव्य केले असे मानणारे पालक व शिक्षक (आम्हीही त्यांतलेच) किती कच्च्या भरवशावर स्वस्थ बसतो, हे ध्यानात यावे.

पटाचा एक दोषही येथे उघड झाला. पटावरचा रस्ता आपण पाखरासारखा वरून पाहतो. सारी वाहने, सारी वळणे एका दृष्टीत येतात. खऱ्या रस्त्यावर मूल खाली उभे असते. म्हणून पट पुरे झाल्यावर खेळ जमिनीवर आणावयाचे ठरले. एडिनबरो विद्यापीठातील डेव्हिड ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली एक साधी पण मार्मिक युक्ती वर्णिली आहे. खऱ्या रस्त्याच्या कडेला, त्याला समांतर असा तेवढ्याच रुंदीचा खोटा रस्ता आखावयाचा. मुलाने खऱ्या रस्त्यावरची वाहने पाहावी, ती जणू खोट्या रस्त्यावरूनच जात आहेत असे समजावे, व योग्य वेळ साधून खोटा रस्ता ओलांडावा. चुकला तरी केसालाही धक्का लागत नाही. आपल्या शाळेच्या कुंपणास गजांची जाळी आहे, त्यातून रस्ता स्वच्छ दिसतो. कुंपणाच्या आत चुन्याने दोन रेघा ओढल्या की काम झाले. एक मोठा विद्यार्थी लहान मुलाजवळ उभा राही. मूल निघाले की मोठ्याने अंक मोजी, आणि खरी गाडी समोर येण्यापूर्वी मूल पलीकडे पोहोचले की नाही ते सर्वांना दिसे. पहिल्या दिवशी किती मुले ‘गाडीखाली’ गेली ते सांगत नाही. महिन्याभराने तीच मुले वळणाकडे बोट दाखवून ‘येथून नको, तेथून काही दिसत नाही’ असे म्हणू लागली, एवढे मात्र सांगतो.

प्लास्टर निघाल्यावर तो दुसरीतील मुलगाही या खोट्या रस्त्यावर आला. थोरल्या भावाने त्याला विचारले, "त्या दिवशी तू बघितले नव्हतेस का?" तो म्हणाला, "बघितले होते. टेम्पो दिसला." आम्ही सर्व जण तोवर असे समजत होतो की तो न पाहता धावला. मग विद्यार्थ्यांनी एका काठीला जमिनीपासून ११० सेंटिमीटर उंचीवर, म्हणजे साधारण त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, मोबाइल बांधला, व शाळा सुटण्याच्या वेळी फाटकाबाहेर निरनिराळ्या ठिकाणांहून छायाचित्रे घेतली. तीच पुढे पत्त्यांवर चिकटविली. चित्रांत रस्ता असा नव्हताच. टेम्पोची बाजू, दुचाकींची रांग, हँडलांना लटकलेल्या पिशव्या, पायांची गर्दी. एका चित्राचा तर निम्मा भाग एका पांढऱ्या स्कूटरनेच व्यापला होता. ते चित्र दाखविताना मुले एकमेकांकडे पाहू लागली. ती स्कूटर आमची होती. गेली अनेक वर्षे आम्ही ती फाटकाच्या उजव्या अंगाला लावीत होतो, कारण तेथे वडाच्या सावलीने आसन तापत नाही.

पालकांस येथे दोन शब्द सांगणे अवश्य आहे. मुलाला न्यावयास येताना वाहन फाटकाशी आणू नये. पन्नास पावले अलीकडे ठेवून चालत यावे. उभ्या वाहनांमधूनच जावे लागले तर मुलास त्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत नेऊन थांबवावे, तेथून रस्ता दाखवावा, व मगच पुढे न्यावे. चार वर्षांवरील मुलाला दुचाकीवर हेल्मेट असलेच पाहिजे, असा कायदा आहे. १५ फेब्रुवारी २०२३ पासून त्याहून लहान मुलांसही हेल्मेट व चालकाशी बांधावयाचा पट्टा आवश्यक झाला असून, त्यांना घेऊन जाताना वेग ताशी ४० किलोमीटरांच्या आत ठेवावयाचा आहे. अठराच्या आतील मुलाने परवान्याशिवाय गाडी चालवून गुन्हा केल्यास, २०१९ च्या सुधारित कायद्यान्वये पालकास वा गाडीच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. नववी-दहावीचे कोणकोण स्कूटरवरून शिकवणीस जातात, त्यांची नावे येथे देत नाही.

ज्यांस हा खेळ घरी करावयाचा असेल त्यांस फारसा खर्च नाही. एक जाड पुठ्ठा, खळ, रंग, चार सोंगट्या व एक फासा पुरे. पट कसाही आखा. पत्ते मात्र आपल्याच वाटेवरचे करा, व चित्रे गुडघे टेकून, मुलाच्या उंचीवरून घ्या. मूल चुकीचे उत्तर देईल तेव्हा लगेच दुरुस्त करू नका. त्याचे कारण पुरते ऐकून घ्या. ‘टेम्पो दिसला’ हे उत्तर आम्ही जूनमध्येच ऐकावयास हवे होते.

आज या खेळात सदतीस पत्ते आहेत. प्रत्येकाच्या पाठीवर योग्य उत्तर व त्याचे कारण मोठ्या अक्षरांत लिहिलेले आहे. अपवाद एकाच पत्त्याचा. त्यावर संध्याकाळच्या अंधारात रस्त्याच्या कडेला उभी असलेली उसाची ट्रॉली आहे. तिला मागे दिवा नाही, चमकणारी पट्टी नाही, आणि वडिलांच्या मागे दुचाकीवर बसलेला मुलगा तिच्याकडे येत आहे. येथे तू काय करशील? दुसरीच्या मुलांनी पुष्कळ उत्तरे दिली. एकही लागू पडले नाही, कारण त्या मुलाला करण्यासारखे तेथे काही नाही. विद्यार्थ्यांनी साखर कारखान्यास ट्रॉल्यांना मागे पट्ट्या लावण्याविषयी पत्र लिहिले आहे. अद्याप उत्तर नाही. हंगाम सुरू झाला आहे. त्या पत्त्याची पाठ कोरीच ठेविली आहे, आणि तो निघाला की नियमाप्रमाणे फासा टाकावयाचा असतो.

आमची स्कूटर हल्ली मागील अंगणात, पाण्याच्या टाकीपाशी, उन्हात उभी असते.